नळाला आलेला सडा

गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या मोटरीत मी एकदा बादलीभर शेणकाला ओतला होता. चुकून सांडला नाही, कोणी धक्का दिला नाही. नीट उकिडवी बसून, दोन्ही हातांनी कालवून, दिसल्या तेवढ्या काड्या वेचून मी तो ओतला, आणि माझी हुशारी बघायला जवळ कोणी नाही म्हणून हळहळलेसुद्धा.

माझी नात आता आयटीआयला वायरमनचं शिकते. घरातल्या प्रत्येक वस्तूचं खरं नाव तिला ठाऊक. मी कंडेन्सर म्हटलं की ती "कपॅसिटर, आजी" म्हणते. मी पंपातल्या चाकाला पंखा म्हटलं की "इम्पेलर" म्हणून दुरुस्त करते. मी म्हणते, बाई, तुझी नावं बरोबर आणि माझ्या चुका बरोबर. तिला ही गोष्ट फार आवडते. तिच्या वर्गातल्या पोरींना तिनं सांगितली तेव्हापासून त्या पोरी घरी आल्या की माझ्याकडे बघून आधी तोंड दाबून हसतात, मग नमस्कार करतात. म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावी. निदान शेणाचं प्रमाण तरी बरोबर राहील.

तेव्हा मी तिशीची होते. बारावी सायन्स, तीही दुसऱ्या दमात पास. पण ते दुसऱ्या दमाचं मी कोणाला सांगत नसे. आमचं गाव सडक अर्जुनीपासून जवळच, हायवेवरून आत वळलं की धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथं. घरातली इस्तरी बंद पडली, मिक्सर जळका वास द्यायला लागला, पंखा नुसता गुणगुणायला लागला की मी पेचकस घेऊन बसायची. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, आणि हातानं ढकलला की फिरतो, म्हणजे कंडेन्सर गेला, एवढं कळायला फार अक्कल लागत नाही. त्याचं काम पंख्याला पहिला धक्का द्यायचं. तो गेला की धक्का आपल्याला द्यावा लागतो. पण मी हे शेजारणीला असं समजावून सांगायची, की बिचारीला वाटायचं आपण पंखा दाखवायला आणून चूक केली.

गावाला नळयोजना होती. नाल्याकाठी विहीर, विहिरीवर पंपघर, शाळेमागं उंच टाकी, आणि टाकीतून एकेका गल्लीला पाइप, प्रत्येक पाइपाला उघडझाप करायचा वेगळा वॉल. हे सगळं चालवणारे एक वयस्क ऑपरेटर होते, त्यांना सगळं गाव बुवा म्हणे. पंपघराची चावी त्यांच्या करगोट्याला बांधलेली. एक दिवस ते टाकीच्या शिडीवरून घसरले आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर झालं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढं शिडी चढायची नाही.

म्हणजे गावाला नवा ऑपरेटर हवा होता. आणि मला ती चावी हवी होती.

का हवी होती, हे सांगते. स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं की आतल्या कॉइलमध्ये करंट जातो, कॉइल लोहचुंबक होते आणि आतल्या पट्ट्या ओढून धरते. मोटर चालू. लाइन गेली की चुंबकपण गेलं, पट्ट्या सुटल्या. लाइन परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, कोणीतरी जाऊन पुन्हा बटन दाबावं लागतं. ते "कोणीतरी" मला व्हायचं होतं. घरात मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूचं श्रेय माझ्या नवऱ्याला मिळे. तो बिचारा सांगे, "म्या नाई केलं, हिनं केलं," तर लोक हसत. त्यांना वाटे, गमतीनं म्हणतो.

ग्रामपंचायतीत मी उभी राहिले आणि म्हणाले, मी चालवते मोटर. खालच्या गल्लीतले एक गृहस्थ बसले होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. धिप्पाड माणूस, आवाज विहिरीतून आल्यासारखा. ते म्हणाले, "बाई मानसाच्या हाती मोटर? भाजी करपली त चालते व, मोटर करपली त गाव काय पेईन?"

सरपंच शांत माणूस. ते म्हणाले, "आठ दिवस चालवून पाहू द्या. नीट चाललं त गिरामसभेत नाव मांडू. नाई चाललं त चावी वापस."

बुवांनी खाटेवरूनच चावी सोडून दिली, आणि फक्त एवढं सांगितलं, "रोज पंधरा बादल्या टाका लागते. कंटारा नोको करू."

पंधरा बादल्या कशाला, ते सांगते. लोकांना वाटतं मोटर पाणी ओढते. मोटर काही ओढत नाही, ती नुसती गरगर फिरते. तिच्या दांड्यावर पंपातला तो पंखा बसवलेला असतो. पंखा आपल्यातलं पाणी कडेला फेकतो, मधली जागा रिकामी होते, आणि त्या रिकाम्या जागेत खालून विहिरीतलं पाणी चढतं. पण हे केव्हा? पंप आणि खाली गेलेला पाइप आधीच पाण्यानं गच्च भरलेला असेल तेव्हा. आत हवा राहिली तर पंखा हवेलाच थपडा मारत बसतो. मोटर सुसाट फिरते, आवाज मोठा होतो, पाणी एक थेंब येत नाही. तेव्हाची मी थोडीफार अशीच होते.

पाइपातलं पाणी खाली निसटू नये म्हणून पाइपाच्या तळाशी, विहिरीच्या पाण्यात बुडालेला, फुटवॉल असतो. लोखंडी जाळीचा डबा, त्यात चामड्याची झडप. पाणी वर जाताना झडप उघडते, मोटर थांबली की वरच्या पाण्याच्या वजनानं मिटते. आमच्या गावच्या फुटवॉलची झडप मिटत नव्हती. सकाळपर्यंत पाइप रिकामा. मग पंपाच्या तोंडाला चाडी, म्हणजे नरसाळं, लावून पंधरा बादल्या पाणी ओता, तेव्हा कुठं पंप पाणी धरणार. लाइन तर सकाळी मोजका वेळ राही. पहिल्या दिवशी ओतलं. दुसऱ्या दिवशी ओतलं. तिसऱ्या दिवशी बारावी बादली ओतते न ओतते तोच लाइन गेली आणि अर्धं गाव कोरडं राहिलं. चौथ्या दिवशी माझी कंबर राहिली.

पाचव्या दिवशी मला विज्ञान आठवलं.

आमच्या वावरातल्या विहिरीवर पंप होता, त्याचा फुटवॉल रोवणीच्या दिवसांत हमखास गळायचा. अशा वेळी झाडून सगळे शेतकरी एकच करतात. शेणाचा पातळ काला करायचा आणि पंपाच्या तोंडातून पाइपात सोडायचा. तो खाली जातो, शेणातला बारीक चोथा झडपेच्या फटीत जाऊन बसतो, गळती बंद. फुकटचं वायसर. माझे सासरे करत, नवरा करे, मी स्वतः कितीदा केलं होतं. मग इथं का नाही? फुटवॉल तोच, झडप तीच, शेण तर आमच्या गायीचं, एकदम ताजं. गावासाठी करायचं म्हणून मी वावरात घेते त्याच्या दुप्पट घेतलं. हात राखून करायचा माझा स्वभाव नव्हता.

ओतलं. वरून चारच बादल्या पाणी टाकलं. हिरवं बटन दाबलं. पंपानं पाणी असं उचललं, की प्रेशरचा काटा थरथरत वर गेला. मी कमरेवर हात ठेवून पंपघराच्या दारात उभी राहिले. टाकी भरली, गल्ल्यांचे वॉल खोलले, आणि आता बाया मला काय म्हणतील, त्यावर मी काय उत्तर देईन, ते मनात घोळवत बसले. सगळी उत्तरं नम्रच होती.

पहिल्यांदा आल्या माझ्या सासूबाई. पाण्याचा गुंड, म्हणजे आमच्याकडचा हंडा, डोक्यावर नाही, हातात. तो त्यांनी माझ्यापुढं ठेवला.

"हे काय हाये व?"

"पानी."

"पानी मले बी दिसते. हिरवं काऊन हाये?"

मी वाकून बघितलं. पाणी फिकं हिरवं होतं आणि त्यावर एक गवताची काडी संथ फिरत होती. त्या क्षणी, शपथेवर सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा आठवलं की वावरातल्या मोटरीचं पाणी धानाला जातं आणि ही मोटर माणसांची आहे.

त्यांच्यामागून बाया येतच होत्या. कोणाच्या हातात बादली, कोणाच्या हातात पातेल्याएवढा गंज. एकीनं लांबूनच आवाज दिला, "माह्या आंगनात नळानंच सडा टाकून देल्ला व! आता रांगोळी बी सोडतं का पाइपातून?"

दुसरी म्हणाली, "बरं झालं, माहं सारवाचं काम वाचलं. उद्या जरा घट्ट सोडशीन."

नशीब एवढंच, की रंग बघून कोणी ते तोंडाला लावलं नव्हतं. सरपंच आले, मागं खालच्या गल्लीतले भाऊ. सरपंचांनी गुंडात पाहिलं. चांगला माणूस, त्यांनी स्वतःच मला वाट काढून दिली. म्हणाले, "पाइप फुटला असंन कुठंतरी. नाल्याकाठी म्हशी बसतेत, तिथंच फुटला असंन."

आणि मी, बारावी सायन्स, मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "हो, मलाही तसंच वाटते. पाहते जाऊन."

कोपरापर्यंत शेणाचे हात घेऊन मी हे म्हणाले.

सासूबाईंनी माझा हात उचलला, सगळ्यांसमोर नाकापाशी नेला, आणि सरपंचांकडे वळून म्हणाल्या, "पाइप नाई फुटला. म्हैस हे उभी हाये."

हसू असं फुटलं, की एका बाईची बादली कलंडली. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम यायला लागली की माणूस फार कुरूप दिसतो. मग सांगून टाकलं. शेणकाला टाकला, वावरात टाकतो तसा.

"वावरात ते धान पेते व," एक म्हातारी मला लहान पोराला समजावतात तसं म्हणाली. "इथं आमी पेतो."

भाऊ मात्र हसले नाहीत. "गंमत नोका समजू," ते म्हणाले. "आठ दिस कायले पाहाचे? चावी घ्या वापस. म्या त पह्यलेच सांगतलं होतं."

आत्तापर्यंत हसणाऱ्या त्याच बाया आता माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत मला दिसलं, की चावी परत गेली तर ती माझ्या एकटीच्या हातून जाणार नव्हती. त्यानंतर कोणी बाई पंचायतीत उभी राहून "मी चालवते" म्हणाली, की हे लोक शेणाची गोष्ट काढणार. मी म्हातारी होऊन मेले तरी काढणार.

सरपंच म्हणाले, "उद्या सकारी. पानी साफ आलं पायजे. नाई आलं त मंग मी काई बोलू शकनार नाई."

मी आधी बुवांकडे गेले. त्यांना गोष्ट कळली होती. ते खाटेवर इतके हसले, की प्लास्टरचा पाय धरून "आई गं" म्हणाले. मग म्हणाले, "मी रोज पंधरा बादल्या काऊन टाकत होतो व? हौस होती का मले? शेनाची आयड्या माह्याही डोक्शात आली होती. पन मी त्या नळाचं पानी पेत होतो ना." डोळे पुसून पुढं म्हणाले, "चामडं गेलं हाये. फुटवॉल वर काढा लागते. ते काम माह्याकडून राहून गेलं, तू कर."

नवऱ्यानं आणि शेजारच्या दोघांनी दोर लावून पाइप वर घेतला. फुटवॉल खोलला तर आतलं चामडं भेगाळलेल्या टाचेसारखं झालेलं. ते घेऊन मी सडक अर्जुनीला. दुकानदारानं मोजून बघितलं, या मापाचं नाही म्हणाला, गोंदियाहून मागवू, दोन दिवस लागतील. माझ्याकडे दोन दिवस नव्हते. हायवेच्या कडेला ट्रकांचं पंक्चरचं दुकान होतं. तिथं जुन्या ट्यूबांचा ढीग. मी एक ट्यूब ओढायला लागले तसा तो पंक्चरवाला ओरडला, "बाई, क्या बनाना है?"

मी चामडं दाखवलं. त्यानं ते बोटांत वाकवून बघितलं. "ट्यूब मत लो, नरम है, पानी का वजन आया कि मुड़ जाएगी. फ्लॅप लो." फ्लॅप म्हणजे ट्रकच्या ट्यूब आणि रिंगच्या मध्ये घालतात ती जाड रबराची पट्टी. मला ते माहीत नव्हतं. पण त्या दिवशी मी "माहीत आहे" म्हटलं नाही, "कसं कापू?" एवढंच विचारलं. त्यानं जुनं चामडं वर ठेवून खडूनं गोल आखून दिला, आणि धारदार पात्यानं कापूनही दिला.

गावात आले तर टाकीवर बाया चढलेल्या. तळाचा वॉल खोलून त्यांनी सगळं हिरवं पाणी नाल्यात सोडलं होतं. आत उतरून नारळाच्या काथ्यानं टाकी घासणं चाललं होतं, ब्लीचिंग पावडरचा वास शाळेपर्यंत येत होता. खाली सासूबाई उभ्या राहून हुकूम सोडत होत्या आणि अधूनमधून मला शिव्या घालत होत्या, म्हणजे काम नीट चाललं होतं.

मी झडप बसवली, पाइप खाली सोडला, पाण्यानं काठोकाठ भरला, आणि चाडीतल्या पाण्यावर नजर लावून बसले. पाणी उतरलं तर झडप गळते, जागच्या जागी राहिलं तर बसली. सासूबाईही येऊन शेजारी टेकल्या. आम्ही दोघी चाडीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "नाई उतरलं."

"नाई," मी म्हणाले.

"मंग उठ. चहा ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपघरापुढं अख्खं गाव. रिकामे गुंड, बादल्या, कळशा, आणि प्लास्टरच्या पायासह खाटेवर उचलून आणलेले बुवा. मी चाडी बघितली, पाणी जागेवर. एकही बादली ओतावी लागली नाही. देवाचं नाही, सासूबाईंचं नाव घेऊन हिरवं बटन दाबलं.

मोटर फिरली. पण आवाज ओळखीचा नव्हता, बसका होता. प्रेशरचा काटा थोडासा हलला आणि तिथंच लोळत पडला. टाकीत धार पडल्याचा आवाज नाही.

"झालं?" भाऊ मागून म्हणाले.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पंप बघितला, कुठं गळत नव्हता. मग मोटरीच्या मागच्या बाजूचा छोटा पंखा बघितला, मोटरीला गार ठेवायला असतो तो. पंपावर बाण कोरलेला असतो, कोणत्या बाजूनं फिरायचं त्याचा. बाण एकीकडे होता आणि मोटर फिरत होती दुसरीकडे. आदल्या दिवशी संध्याकाळी डिपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, लाइनमन काम करून गेला होता, ते मला आठवलं.

हे एक मला खरंच येत होतं. मोठ्या मोटरीला तीन तारा येतात, तीन फेज. त्या एकामागून एक, ठरलेल्या क्रमानं मोटरीला ढकलतात. त्या क्रमानं ती फिरते. डिपीवर दोन तारांची जागा बदलली, की क्रम उलटा आणि मोटरही उलटी. ती बिघडलेली नसते, तिला कोणी चुकीची दिशा सांगितलेली असते. आणि उपायही तोच: कोणत्याही दोन तारा आपण पुन्हा अदलाबदल करायच्या.

लाल बटन दाबलं. फ्यूजच्या तिन्ही ग्रीपा उपटून पदरात बांधल्या, म्हणजे मदत करायच्या भरात कोणी लावायला नको. टेस्टर लावून तिन्ही ठिकाणी बघितलं, दिवा लागत नाही ना. मग स्टार्टरचं झाकण काढून मोटरीकडे जाणाऱ्या दोन तारा सोडवल्या आणि एकीच्या जागी दुसरी कसली. एवढ्या लोकांसमोर पहिल्यांदाच मी तोंडातून एक शब्द न काढता काम करत होते. नवरा नंतर म्हणाला, माझ्या त्या गप्प असण्याचीच त्याला भीती वाटली.

ग्रीपा लावल्या. हिरवं बटन. मोटरीनं जाड, भरल्या गळ्याचा आवाज काढला, काटा उठला, उठतच गेला, आणि शाळेमागून टाकीत धार आदळल्याचा आवाज आला. बुवा खाटेवर उठून बसले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले, जशी काही मोटर त्यांची नात होती आणि पहिली आली होती.

टाकीत जरा पाणी साचू दिलं, मग वॉल खोलला. पंपघरापुढच्या नळाची पहिली धार सासूबाईंनी पितळी तांब्यात धरली, तो उन्हात तिरपा करून बघितला, वास घेतला, आणि तांब्या सरपंचांच्या हातात दिला. त्यांनी उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. मिशी पुसत म्हणाले, "चावी राहू दे तुह्यापाशी. गिरामसभेत मी सोता नाव मांडतो." बायांनी मग एकच गलका केला, पण तो माझ्यासाठी नव्हता, नंबरासाठी होता.

सगळ्यांचं भरून झालं. मी मोटर बंद करून स्टार्टरचं झाकण पुसत होते, तेव्हा दारात सावली पडली. भाऊ होते. हातात बादली, ती अर्धीच. त्यांनी आधी मागं वळून रस्ता रिकामा आहे का ते पाहिलं, मग आत येऊन त्या विहिरीतून आल्यासारख्या आवाजाला जमेल तेवढं हळू म्हणाले:

"हे पाय बाई, उद्यापासून आमच्या गल्लीचा वॉल पह्यले खोलत जा. तो बुवा आमाले नेहमी शेवटी ठेवे, अन् मंग पानीच नाई पुरे. अन् मी म्हनलो म्हनून कोनाले सांगू नोको."